'क्रीपशो'पासून सुरुवात करा : जुन्या हॉरर कॉमिक्समधून आलेले सिनेमे कसे पाहावेत

हॉरर सिनेमा पाहायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशेब असतो : किती घाबरलो? त्या हिशेबाने हे सिनेमे पाहायला बसाल तर पहिल्या अर्ध्या तासात उठाल. एकाच सिनेमात चार-पाच सुट्या गोष्टी, प्रत्येकीत कुणीतरी नीच माणूस, त्याने केलेलं पाप, मग थडग्यातून उठलेलं प्रेत आणि शेवटच्या क्षणी नीच माणसाची अशी काही गत की शहारा आणि हसू एकदमच यावं. घाबरवणं हा इथे जोडधंदा आहे. मुख्य धंदा आहे उट्टं काढणं.

ही जातकुळी आली अमेरिकेतल्या ईसी कॉमिक्समधून. हे मार्गदर्शन ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, काय सोडलं तरी चालेल, ते पायरीपायरीने सांगतो. गोष्टींचे शेवट शक्यतो फोडणार नाही.

पहिली पायरी : दहा सेंटच्या मासिकांची कुंडली

सिनेमाआधी एवढी पार्श्वभूमी हवीच, कारण पुढचा प्रत्येक सिनेमा तिच्याशी बोलत असतो.

मॅक्स गेन्स हा अमेरिकन कॉमिक्स धंद्याच्या आद्य मंडळींपैकी एक. त्याची ईसी ही कंपनी बायबलच्या चित्रकथा छापायची. 1947 मध्ये बोटीच्या अपघातात तो गेला आणि रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायला निघालेल्या विल्यम या पंचविशीतल्या मुलाच्या गळ्यात तोट्यातली कंपनी पडली. विल्यम गेन्स आणि त्याचा लेखक-संपादक अल फेल्डस्टीन यांनी 1950 मध्ये भयकथांची तीन मासिकं काढली : 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हाँट ऑफ फिअर'. पहिल्याचं नाव सुरुवातीचे काही अंक 'द क्रिप्ट ऑफ टेरर' असं होतं. किंमत दहा सेंट. अंकात साधारण चार गोष्टी, एकेक गोष्ट सहा ते आठ पानांची.

तीन मासिकांचे तीन सूत्रधार होते : क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि ओल्ड विच. हे तिघं गोष्ट सांगत, मधूनच वाचकाला टोमणा मारत, आणि शेवटी मुडद्यावर पाचकळ कोटी करून निरोप घेत. वेताळ पंचविशी ऐकत वाढलेल्याला गोष्ट सांगणाऱ्या भुताचं नवल वाटू नये. फरक एवढाच की वेताळ शेवटी कोडं घालतो, आणि क्रिप्ट-कीपर फिदीफिदी हसतो.

चित्रकारांची फळी जबरदस्त होती. जॅक डेव्हिस, जॉनी क्रेग, वॉली वुड, जॅक केमन, आणि कुजलेली प्रेतं काढण्यात ज्याचा हात कुणी धरू शकलं नाही तो ग्रॅहम इंगल्स. तो सहीच 'घास्टली' अशी करायचा. रंगयोजना मरी सेव्हरिनची. फारच अंगावर येणारी चौकट असेल तर ती बरेचदा अख्खी एकाच रंगात बुडवून टाकी. हे लक्षात ठेवा, 'क्रीपशो'त याचा उपयोग होणार आहे.

मग आलं 1954. फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक गाजत होतं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात असा त्याचा दावा. 21 एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. सिनेटर एस्टिस केफॉव्हर यांनी ईसीच्याच 'क्राइम सस्पेन्सस्टोरीज'च्या एका अंकाचं मुखपृष्ठ पुढे केलं : एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांनी धरलेलं बाईचं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्सने सांगितलं, हो, हॉरर कॉमिकच्या मुखपृष्ठासाठी आहे. मुंडकं आणखी वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर ते अभिरुचीला सोडून झालं असतं. तर्क बिनतोड, पण तिथे बसलेल्यांपुढे हा माणूस त्याच क्षणी हरला.

त्याच वर्षी प्रकाशकांनी एकत्र येऊन कॉमिक्स कोड आणला. मासिकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द चालणार नाहीत. चालती प्रेतं, रक्तपिपासू, नरलांडगे बंद. आणि प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा वाइटावर विजय झालाच पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. गंमत अशी की ईसीच्या गोष्टींत दुसरं काही घडतच नव्हतं! बायकोला मारणारा नवरा, म्हाताऱ्यांना लुबाडणारा कारभारी, सगळ्यांना शिक्षा होतच होती. आक्षेप होता तो शिक्षा चवीने रंगवून सांगण्याला. कोडच्या भानगडीत तिन्ही भयमासिकं बंद पडली. गेन्सच्या हाती उरलं ते 'मॅड' हे विनोदी मासिक, आणि त्याने मात्र त्याला जन्मभर पोसलं.

दुसरी पायरी : सुरुवात 'क्रीपशो'पासून, कालक्रमाने नको

अभ्यासू माणूस म्हणेल आधी 1972 चा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' हा ब्रिटिश सिनेमा बघा, मग 1982 चा अमेरिकन. माझं मत उलटं. आधी 1982 चा 'क्रीपशो' बघा. कारण कॉमिक वाचण्याचा अनुभव पडद्यावर जसाच्या तसा उतरवायचा हट्ट याच सिनेमाने धरला. कॉमिक हातात नसेल तरी हा सिनेमा पाहून ते कसं दिसत असेल ते कळतं.

दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, पटकथा स्टीफन किंग. दोघंही लहानपणी ईसी वाचलेले. लांबी दोन तास, गोष्टी पाच. त्यातल्या दोन किंगच्या आधी छापून आलेल्या कथांवर आहेत, बाकी तीन थेट सिनेमासाठी लिहिलेल्या. म्हणजे ईसीची एकही गोष्ट यात नाही आणि तरी ईसीचा वास सगळ्यात जास्त यालाच आहे. कॉमिकच्या मुखपृष्ठाचं चित्र काढायला तर खुद्द ईसीच्या जॅक केमनला गाठलं होतं.

सुरुवातीचा प्रसंग नीट बघा. बाप मुलाच्या थोबाडीत देतो, हातातलं 'क्रीपशो' नावाचं कॉमिक हिसकावतो आणि बाहेर कचऱ्यात नेऊन टाकतो. वारं सुटतं, पानं उलटू लागतात आणि गोष्टी सुरू होतात. 1954 ची अख्खी भानगड दोन-तीन मिनिटांत मांडून टाकली आहे : वडीलधारे कॉमिक फेकतात आणि कॉमिक काही मरत नाही. (तो मुलगा झालाय स्टीफन किंगचाच मुलगा. पुढे तोही जो हिल या नावाने भयकथाकार झाला.) कॉमिकमधल्या जाहिरातींवरही नजर ठेवा. पानं उलटताना दिसतात, आणि त्यातलं एक कुपन पुढे कामाला येतं.

आता तांत्रिक गोष्ट, जी पहिल्या वेळी निसटते. एरवी प्रकाशयोजना साधी आहे. पण भयाचा क्षण आला की चेहऱ्यावर अचानक लालभडक किंवा निळा प्रकाश पडतो, मागची खरी खोली गायब होते आणि तिथे वेड्यावाकड्या रेषांची चित्रातली पार्श्वभूमी येते. कधी पडद्याच्या कडेला चौकट उमटते. नवख्याला वाटतं, हे काय स्वस्तातलं काम! पण ही सेव्हरिनची युक्ती आहे, एका रंगात बुडवलेली चौकट, फक्त इथे ती दिव्यांवर रंगीत कागद लावून केली आहे. हे एकदा डोळ्यांना कळलं की पुढे तुम्ही त्या क्षणाची वाट बघू लागता.

पाच गोष्टींत सगळ्या सारख्या नाहीत. पहिली 'फादर्स डे' म्हणजे ईसीचा नमुना, जसाच्या तसा : छळवादी बाप, कंटाळून त्याला मारणारी मुलगी, आणि आपल्या केकची मागणी करत थडग्यातून उठलेला तोच बाप. दुसरीत शेतकऱ्याचं काम खुद्द किंगने केलंय. अभिनय एवढा भडक आहे की काहींना ती गोष्ट सहनच होत नाही. ती सहन करा. तिसरीत लेस्ली निल्सन आहे, तोच, विनोदी सिनेमांतला. इथे तो बायकोच्या प्रियकराला समुद्रकाठी वाळूत गळ्यापर्यंत पुरतो, समोर टीव्ही ठेवतो आणि भरतीची वाट बघतो. हसतमुखपणे. चौथी 'द क्रेट' सगळ्यात लांब आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. विद्यापीठाच्या जिन्याखाली 1834 सालची एक लाकडी पेटी सापडते, आत काहीतरी जिवंत असतं. पण खरी गोष्ट पेटीची नाही. बायकोच्या जिभेने जेरीस आलेल्या एका प्राध्यापकाला त्या पेटीत सोय दिसते, ती त्याची गोष्ट आहे. पाचवी झुरळांची. झुरळांची किळस असेल तर चौथीनंतर बंद करा. काही बिघडत नाही, फक्त शेवटच्या दोन मिनिटांवर या, त्या मुलाचं आणि बापाचं पुढे काय होतं ते बघायला.

तिसरी पायरी : प्रत्येक गोष्टीला विचारायचे प्रश्न

पहिला सिनेमा झाला की एक सवय लावून घ्या. कुठलीही गोष्ट संपली की विचारा : गोष्ट कोण सांगतंय? पाप काय होतं? शिक्षा पापाच्याच मापाची होती का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ईसीमध्ये शिक्षा कधीच नुसती 'मेला' अशी नसते. माणसाने ज्या हत्याराने, ज्या हौसेने दुसऱ्याला छळलं, नेमकं तेच फिरून त्याच्यावर येतं. नवऱ्याने टापटिपीचा अतिरेक करून बायकोला वेडं केलं असेल तर त्याचा शेवटही टापटिपीत होणार. गोष्ट वाचताना वा पाहताना तुम्हाला शिक्षा आधीच ओळखता आली पाहिजे, आणि तरी ती आल्यावर धक्का बसला पाहिजे. हे जमलं तर गोष्ट जमली.

या कसोटीने आपल्याकडचे सिनेमेही वेगळे काढता येतात. 2003 चा 'डरना मना है' हीसुद्धा सुट्या भयकथांची माळ, जंगलात अडकलेले मित्र एकमेकांना गोष्टी सांगतात ही चौकटही आहे. पण त्यात सफरचंदं विकत घेऊन खाल्ली एवढ्यावरून माणसांची वाट लागते. सफरचंद खाणं हे काही पाप नव्हे. तिथे भीती आहे ती अकारण येणाऱ्या संकटाची. वाईट सिनेमा आहे असं नाही, पण तो या घराण्यातला नाही.

चौथी पायरी : आता 1972 चा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'

ईसीच्या गोष्टी पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आणल्या त्या इंग्लंडमधल्या अ‍ॅमिकस प्रॉडक्शन्सने. कंपनी ब्रिटिश, पण चालवणारे मिल्टन सुबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग हे दोघंही अमेरिकन. सुबॉट्स्कीवर 1945 च्या 'डेड ऑफ नाइट' या ब्रिटिश सिनेमाची छाप होती आणि 1965 च्या 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स'पासून कंपनीने एका सिनेमात अनेक गोष्टींचा रतीबच लावला होता. स्वस्तात पडतं ना : मोठा नट दोन-चार दिवसांपुरता घ्यायचा, एक गोष्ट करून त्याला मोकळं करायचं. म्हणून या सिनेमांत कलाकारांची यादी खर्चाच्या मानाने फार भारदस्त दिसते.

दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस हा ऑस्कर मिळालेला छायाचित्रकार. गोष्टी पाच, लांबी सुमारे दीड तास. नाव 'क्रिप्ट'चं असलं तरी त्या मासिकातल्या गोष्टी दोनच. दोन 'हाँट ऑफ फिअर'मधल्या आणि एक 'व्हॉल्ट'मधली.

'क्रीपशो'नंतर हा बघताना आधी जरा रंग उडाल्यासारखं वाटेल. इथे चौकटी नाहीत, लाल दिवे नाहीत. क्रिप्ट-कीपर आहे तो सर राल्फ रिचर्डसन, साधूचा झगा घातलेला, गंभीर, एकही विनोद न करणारा. ईसीचं निम्मं मीठ त्या खिदळण्यात होतं, ते इथे नाही, आणि ही या सिनेमाची खरी उणीव आहे. पण त्याबदल्यात जे मिळतं ते दुसरीकडे नाही.

एक उदाहरण जवळून बघू. 'पोएटिक जस्टिस'मध्ये पीटर कुशिंगने ग्रिम्सडाइक नावाचा म्हातारा केलाय. कचरा उचलण्याचं काम करून निवृत्त झालेला, विधुर, कुत्री सांभाळणारा. लोकांनी टाकलेल्या खेळण्यांची डागडुजी करून ती गल्लीतल्या पोरांना देणारा. समोरच्या बंगल्यातल्या तरुण एलियटला त्याचं खोपट डोळ्यांत खुपतं. मारहाण नाही, धमकी नाही. आधी कुत्री जातात. मग कागाळ्या करून पोरांचं येणं बंद होतं. मग व्हॅलेंटाइनच्या दिवशी टपाल येतं. म्हातारा आनंदाने एकेक भेटकार्ड उघडतो, वाचतो. प्रत्येकात त्याला हाकलण्याचीच कविता. कुशिंग काही बोलत नाही. त्याचा चेहरा कार्डागणिक थोडा थोडा विझत जातो, बस्स. कुशिंगची स्वतःची पत्नी हेलन 1971 च्या जानेवारीत गेली होती. सिनेमातला म्हातारा ज्या मृत बायकोशी बोलतो तिचंही नाव हेलन आहे. ही गोष्ट मासिकात इंगल्सने काढली होती. सूड ठरल्या वेळी येतोच आणि तो अगदी ईसीछाप आहे, हिंसक, यमक जुळवलेला. पण या एका गोष्टीत मला सुडापेक्षा ती कार्डं जास्त लक्षात राहतात.

'रिफ्लेक्शन ऑफ डेथ'ही अशीच थांबून बघण्याजोगी. ईसीमध्ये निवेदन कधी कधी थेट 'तू' म्हणून असायचं : तू उठतोस, तू चालू लागतोस. फ्रान्सिसने त्याचं भाषांतर कॅमेऱ्यात केलं. मोटारीच्या अपघातानंतर कॅमेराच नायक होतो. आपण चालतो, समोरचा माणूस आपल्याला बघून किंचाळतो, पळतो. आपलं काय झालंय ते आपल्याला माहीत नाही. गोष्ट छोटी आहे, पण कॉमिकची एक क्लृप्ती सिनेमाच्या भाषेत कशी आणायची याचा धडाच आहे.

शेवटची 'ब्लाइंड अ‍ॅलीज' अंधांच्या आश्रमातली. नवा अधीक्षक खर्च कापतो, अन्न आणि ऊब तोडतो, स्वतः मात्र आपल्या कुत्र्यासोबत मजेत राहतो. आश्रमवासी शांतपणे सुतारकाम सुरू करतात. एवढंच सांगतो. ठोकण्या-करवतीचे आवाज ऐकत बसा.

'विश यू वेअर हिअर' ही तीन वर मागून पस्तावणाऱ्यांची गोष्ट. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या 1902 मधल्या प्रसिद्ध कथेचा ती उघड उल्लेख करते. मूळ कथेतला माकडाचा पंजा भारतातल्या एका फकिराने मंतरलेला होता. इथे त्याजागी चिनी मूर्ती आहे. पाचात ही कमजोर.

पाचवी पायरी : एकच गोष्ट तीनदा

हा या मार्गदर्शनातला सगळ्यात कामाचा भाग, आणि एका संध्याकाळचं काम आहे.

'अँड ऑल थ्रू द हाउस' ही 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'च्या 35 व्या अंकातली जॉनी क्रेगची गोष्ट. नाताळची रात्र. बाई नवऱ्याचा खून करते. तेवढ्यात रेडिओवर बातमी येते : वेड्यांच्या इस्पितळातून एक खुनी पळालाय, त्याने सांताक्लॉजचे कपडे घातलेत. तो तिच्याच घराभोवती फिरतोय. पोलिसांना बोलवावं तर दिवाणखान्यात नवऱ्याचं प्रेत पडलंय. वर छोटी मुलगी सांताची वाट बघत झोपलेली.

आधी कॉमिक वाचा. ईसीचे पुनर्मुद्रित संग्रह मिळतात : रंगीत पानं हवी असतील तर डार्क हॉर्सचे, एकेका चित्रकाराची रेष कृष्णधवलमध्ये नीट बघायची असेल तर फँटाग्राफिक्सचे. वाचताना दिसेल की चौकटींवर मजकुराचं ओझं फार आहे. फेल्डस्टीनच्या पद्धतीत मजकूर आधी पानावर लिहिला जाई, अक्षरं यंत्राच्या साच्याने काढली जात, आणि उरलेल्या जागेत चित्रकाराने चित्र बसवायचं. क्रेग आपल्या गोष्टी स्वतःच लिहायचा, म्हणून त्याची पानं त्यातल्या त्यात मोकळी वाटतात.

मग 1972 च्या सिनेमातली तीच गोष्ट, जोन कॉलिन्सची. संवाद जवळपास नाहीतच. रेडिओवर नाताळची गाणी वाजत राहतात, आणि पांढऱ्या गालिच्यावरचं रक्त पुसायचं काम ती बाई घरकाम उरकावं तसं उरकते. कॉमिकमधला सगळा मजकूर गाळून टाकला आणि गोष्टीचं काहीच अडलं नाही.

मग 1989 ची, 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' याच नावाच्या एचबीओ मालिकेतली. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस. लांबी दुप्पट, धावपळ, कुऱ्हाड, आणि लॅरी ड्रेकचा किळसवाणा सांता. ही खिदळते. शेवटाला तर फारच.

तिन्ही एकापाठोपाठ पाहिल्यावर कुठली आवडली ते ठरवा. पुढे काय बघायचं ते त्यावरून ठरेल. 1972 ची आवडली तर अ‍ॅमिकसचे आणखी सिनेमे आहेत. 1989 ची आवडली तर मालिकेकडे वळा. कॉमिकच सगळ्यात आवडलं तर तुमचा खर्च वाढणार आहे.

सहावी पायरी : 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर', पण प्रत बघून

1973 चा हा अ‍ॅमिकसचाच पुढचा सिनेमा, दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर. पाच पुरुष एका लिफ्टमध्ये शिरतात, लिफ्ट कुणीही बटण न दाबता तळघरात जाते, दार उघडतं तर समोर क्लबची खोली, आणि परत जायला लिफ्ट येईना. मग बसून एकमेकांना आपापली वाईट स्वप्नं सांगतात. गंमत म्हणजे नाव असलेल्या मासिकातली एकही गोष्ट यात नाही! चार 'क्रिप्ट'मधल्या, एक 'शॉक सस्पेन्सस्टोरीज'मधली.

प्रत निवडताना सावध. अमेरिकेत दाखवताना काही भयानक क्षणांच्या जागी स्थिरचित्रं टाकून कापाकापी केलेली प्रत बराच काळ फिरत होती. चित्र ऐन मोक्याला गोठलं तर समजा की तीच तुमच्या नशिबी आली आहे. 'न कापलेली' असा स्पष्ट उल्लेख असलेलीच घ्या.

आपल्याला यातली तिसरी गोष्ट मुद्दाम बघावी लागते, कारण ती भारतात घडते. कर्ट युर्गेन्सने केलेला पाश्चात्त्य जादूगार नव्या जादूच्या शोधात बायकोसह इकडे आलाय. भर गर्दीत एका फकिराची हातचलाखी उघडी पाडून मिजाशीत हिंडतो. मग एक मुलगी दिसते; ती पुंगीसारखं वाद्य वाजवते आणि टोपलीतला दोर सरळ आकाशात उभा राहतो. जादू विकत मिळत नाही म्हटल्यावर ती कशी मिळवायची याचा तो विचार करू लागतो. हा भारत अर्थातच स्टुडिओत उभा केलेला, फकीर-टोपली-दोर छापाचा. हसू येईल, थोडा रागही. पण गोष्टीचा न्याय बघा कुणाच्या बाजूने आहे. परदेशातून येऊन दुसऱ्याची विद्या लुबाडणाऱ्या साहेबाचा हिशेब तो दोरच चुकता करतो.

'द नीट जॉब'ही चुकवू नका. टापटिपीचा अतिरेक करणारा नवरा म्हणून वर जो उल्लेख केला तो हाच, टेरी-थॉमस. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावलेलं त्याचं फडताळ आधी एकदा नीट बघून ठेवा.

सातवी पायरी : मालिका, आणि बाकीचं पटापट

एचबीओची 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' 1989 ते 1996 चालली, सात हंगाम, 93 भाग. गोष्टी ईसीच्याच वेगवेगळ्या मासिकांतल्या. इथे क्रिप्ट-कीपर म्हणजे केव्हिन येगरने बनवलेला कुजका बाहुला आणि जॉन कासिरचा चिरका आवाज. अखेर कुणीतरी त्याला परत हसवलं! कोट्या इतक्या भयंकर की सबटायटलमध्ये त्यांचं पार भुसकट होतं, म्हणून कान इंग्रजीकडे ठेवा. 93 च्या 93 बघायच्या फंदात पडू नका. पहिल्या हंगामातला वॉल्टर हिलचा 'द मॅन हू वॉज डेथ', दुसऱ्यातला दोन जुगाऱ्यांच्या हट्टाचा 'कटिंग कार्ड्स', आणि कर्क डग्लस असलेला, भूत-प्रेत काहीही नसलेला युद्धातला 'येलो', एवढे आधी. मालिकेच्या हक्कांचा गुंता जुना आहे. नव्याने मालिका काढायचा एक प्रयत्न त्यातच बारगळला. त्यामुळे ती ऑनलाइन सापडेल या भरवशावर राहू नका, डीव्हीडी संच दिसला तर घेऊन टाका.

'क्रीपशो 2' 1987 चा, तीनच गोष्टी. तळ्यातल्या तराफ्याची मधली गोष्ट बघा, बाकी सोडा. 1990 चा 'टेल्स फ्रॉम द डार्कसाइड : द मूव्ही' मात्र पूर्ण बघा, 'क्रीपशो'ला संगीत देणाऱ्या जॉन हॅरिसनने तो दिग्दर्शित केलाय. 2007 चा 'ट्रिक ऑर ट्रीट' कॉमिकच्या पानांनी सुरू होतो आणि गोष्टी सुट्या न ठेवता एकाच हॅलोविनच्या रात्रीत विणतो. 2019 पासूनची 'क्रीपशो' मालिका ग्रेग निकोटेरोची; कमी-जास्त आहे, पण चौकटींचं प्रेम खरं आहे.

घरात लहान मुलं असतील तर एक सूचना. कॉमिकचं रूप बघून हे मुलांचं वाटतं, पण तसं नाही. एचबीओच्या मालिकेत नग्नता आणि शिव्याही भरपूर आहेत. आधी स्वतः बघा.

आणि सगळं झाल्यावर, 1995 चा 'टेल्स फ्रॉम द हूड'. दिग्दर्शक रस्टी कंडिफ, निर्मात्यांत स्पाइक ली. काळ्या वस्तीतलं एक अंत्यसंस्कारगृह, तिथला डोळे वटारून बोलणारा मिस्टर सिम्स, आणि एकेका शवपेटीमागे एक गोष्ट : पोलिसांनी मारलेला कार्यकर्ता, घरात छळलं जाणारं पोर, गुलामांच्या मळ्यावरच्या वाड्यात राहायला आलेला वर्णद्वेष्टा पुढारी. साचा शंभर टक्के ईसीचा. फक्त पाप आता एका माणसाच्या लोभापुरतं उरलेलं नाही.

तोही धागा ईसीतलाच आहे. 1953 मध्ये त्यांच्या एका विज्ञानकथेत यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीचा प्रतिनिधी जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना खालच्या दर्जाचं वागवतात, म्हणून तो त्या ग्रहाला नापास करून निघतो. शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो, तो कृष्णवर्णीय असतो, कपाळावर घामाचे थेंब. 1956 मध्ये गोष्ट पुन्हा छापायची ठरल्यावर कोडच्या प्रशासकाने आडकाठी केली : हा माणूस काळा चालणार नाही. गेन्स भांडला. निदान घाम तरी काढा, अशी मग अट आली. गेन्सने ती धुडकावली आणि गोष्ट घामासकट छापली. तो ईसीचा शेवटचा कॉमिक अंक.